कण्या राखायला दोन माणसं

ऐक ना मंजे, नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी कुठे होते तेच विसरते. तो फोन आधी खाली ठेव. हां.

तर मी ते भांडं पोटाशी धरून दारात उभी. बिडाचं. डच ओव्हन म्हणतात त्याला, म्हणजे जाड बुडाचं, जाड अंगाचं पातेलं आणि वर तसंच जाडजूड झाकण. आमच्या इकडे कोल्हापुरात, शिरोलीच्या फाउंड्रीत तेव्हा परदेशात पाठवायला ही भांडी ओतायचे आणि मी तपासणीच्या टेबलावर. एका झाकणाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा दिसला म्हणून मीच तो पीस नापास केला. नापास झालं की परत भट्टीत जातं. मला इतकं वाईट वाटलं ना! साहेबांना म्हटलं, हे मी घरी नेऊ? साहेब म्हणाले, न्या की, पण आधी उचलून बघा. उचललं. स्कूटीवर पायांच्या मध्ये ठेवलं आणि उचगावला घरापर्यंत पाय फाकवून गाडी चालवत आले. हसू नकोस.

दार आबांनी उघडलं. आबा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर झाल्यावर पुतण्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दिवसभर बसायचे. त्यांनी भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काय गं हे? तोफगोळा?"

"भांडं आहे आबा. स्वयंपाकाचं."

"पलटण जेवायला यायची हाय का?"

आतून आई ओरडल्या, "कोण आलंय?" तर आबा माझ्याकडेच बघून म्हणाले, "सांग तुझ्या सासूला, तोफखाना आलाय."

हे असंच होतं बघ त्यांचं. दोघं कधी एकमेकांशी बोलायचेच नाहीत. म्हणजे भांडण वगैरे काही नाही हं. पण आबांना चहा हवा असेल तर ते म्हणणार, "विश्वा, आईला इचार चहा मिळंल का." आणि आई तिथेच, दोन हातांवर! आणि आई म्हणणार, "विश्वा, सांग, ठेवलाय." विश्वा म्हणजे आमचा विश्वजीत, तो मोबाईलमधून डोकं वर न काढता दोन्हीकडे "हां" म्हणायचा. मी नाशिकची. आमच्या घरात आई-बाबा सकाळपासून एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात. मला हे सगळं बघून पहिले काही महिने वाटायचं, हे दोघं नक्की नवरा-बायकोच आहेत ना?

पण आता खरी गोष्ट. आईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. ऑपरेशन छान झालं, पण सूज काही उतरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ओट्यापाशी उभं राहणं पूर्ण बंद. ही सूज अशीच राहिली तर पाय आखडेल, मग परत ऑपरेशनला घ्यावं लागेल. तुम्ही सून ना? तुम्हीच बघा आता." म्हणजे जबाबदारी कोणावर? माझ्यावर.

आणि आई उभ्या कशाला राहायच्या, तर भाकरीला! रोज संध्याकाळी विश्वा आणि मी आधी जेवायचो. आम्ही कामावरून भुकेने कडकडून आलेले असायचो म्हणून. मग आई म्हणायच्या, "उठा आता, टीव्ही बघा जावा." आणि मग आबा आत जायचे, ओट्याशेजारच्या लाकडी स्टुलावर बसायचे, आणि आई तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकायच्या. एक झाली की दुसरी. सावकाश. अर्धा अर्धा तास, पाऊण पाऊण तास. ती टम्म सुजलेली वाटी घेऊन! मला आबांचा असा राग यायचा ना मंजे. राजाच की नाही हा? बायकोचा पाय जातोय आणि ह्यांना भाकरी तव्यावरूनच हवी.

मी सगळं करून बघितलं. स्वतः भाकरी केली. ती मी फॅक्टरीत तपासायला घेतली असती तर पहिल्या नजरेतच नापास केली असती. मग दिवसा आईंच्या सोबतीला पार्वतीमावशी यायच्या, त्यांना संध्याकाळच्या भाकरी करून ठेवायला सांगितल्या. आबांनी त्या गपचूप खाल्ल्या. पण आई उठल्याच! "एक तरी गरम टाकतो ह्यांना," म्हणून. कोल्हापुरात बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, तुला माहितीये ना? आणि त्या एका गरमच्या दोन झाल्या, तीन झाल्या. मी म्हटलं, "आई, खुर्चीवर बसून तरी करा."

"बसून भाकरी थापता येत नाही गं बाळ. अंगाचा जोर खाली उतराय लागतो."

म्हणून ते भांडं. मी मनाशी ठरवलं, भाकरीच नको. तवाच नको. एकाच भांड्यात सगळं जेवण, धान्य, डाळ, भाज्या, सगळं. झाकण लावा, बारीक गॅसवर ठेवा, विसरून जा. त्या झाकणाला आतून टिपके असतात, वाफ त्यांना लागते आणि तिचं पाणी होऊन परत जेवणावरच पडतं, त्यामुळे तेल कमी लागतं, भाज्यांचा रंग पण जात नाही. हे मी त्या दिवशी आबांना इतकं रंगवून सांगितलं की ते झाकण उलटं करून टिपके मोजायला लागले.

पहिल्या दिवशी मूगडाळ-तांदूळ, पालक, गाजर, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी. भांडं उचलून सरळ टेबलाच्या मध्यात. चार ताटल्या. "सगळ्यांनी एकत्र बसायचं," मी म्हटलं, "आई, तुम्ही पण. आत्ता. आमच्याबरोबर."

आई बसल्या, पण कशा, तर खुर्चीच्या टोकावर. दर दोन घासांनी उठायला जायच्या. "पाणी आणतो." आणलंय आई. "लोणचं?" आहे. "मीठ?" ते पण आहे. शेवटी विश्वा म्हणाला, "आई, बस की गं, परीक्षेला बसल्यागत काय करायलीस."

आबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. म्हणाले, "आजाऱ्याचं जेवण."

"मग आजारी कोण आहे घरात?" मी म्हटलं. हो, म्हटलं मी तसं. पण आबांनी परत वाढून घेतलं हं.

आणि मग मला जो चेव आला! मटकीला मोड आणून मटकीभात. कोंबडी, बटाटा आणि ओला वाटाणा, तांबड्या रश्शात भात सोडून. चकोल्या केल्या, डाळीच्या आमटीत कणकेच्या, त्यात शेवग्याची पानं टाकून. सगळं फटाफट. घरात शिरले, हात धुतले, भाज्या चिरल्या, भांड्यात टाकल्या, अंघोळ करून येईपर्यंत जेवण तयार. धुवायला एक भांडं आणि चार ताटल्या. आठ वाजता बसायचो, साडेआठला चौघं टीव्हीसमोर. मी फॅक्टरीतल्या सगळ्यांना फोटो पाठवायचे. साहेबांच्या बायकोने चकोल्यांची कृती मागितली, मंजे, विचार कर.

आणि सूज उतरली! डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत?" मी म्हटलं, "बिडाचं भांडं." त्यांना काही कळलं नाही, पण मला काय, मी तरंगतच घरी आले.

फक्त आई गप्प झाल्या.

मला आधी लक्षातच आलं नाही, कारण तशा त्या आमच्यासमोर फार बोलायच्या नाहीतच. पण आता जेवण पण कमी झालं. ताटात चमचा फिरवत बसायच्या. ऑपरेशनपासून त्यांचा उंच कॉट आम्ही हॉलमध्येच टाकला होता, तिथे भिंतीकडे तोंड करून लवकर झोपायच्या. आणि आबा जेवले की खाली पार्किंगमध्ये जायचे. कशाला, तर काही नाही. वॉचमनशी बोलत उभे.

मी विचारलं, "आई, चव आवडत नाही का? तिखट वाढवू?"

"छान असतंय की गं."

"मग?"

"मग काय. कुठं काय." असं म्हणून चादरीची घडी घालायला लागल्या. आधीच घडी घातलेली चादर.

आणि एका बुधवारी, मी वाढत असताना आई एकदम म्हणाल्या, "मी गडहिंग्लजला जातो. भावाकडं. रविवारी येतोय तो न्यायला, बोलणं झालंय माझं."

माझ्या हातातला डाव तसाच. विश्वा म्हणाला, "किती दिवस?"

"राहीन की. सूज तर उतरली. हितं काय काम हाय माझं?"

हितं काय काम हाय माझं. मी आबांकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलतील, नको जाऊ म्हणतील. आबांनी ताटातला वाटाणा कडेला सारला आणि विश्वाला म्हणाले, "गाडीत पाय लांब करून बसाय सांग तिला."

त्या रात्री मी विश्वाला म्हटलं, "मी त्यांचं स्वयंपाकघर काढून घेतलं का रे? तसं वाटत असेल त्यांना?"

"अगं, तिचा पाय वाचवलास तू."

"मग त्या निघाल्या कशाला?"

विश्वा आपला म्हणाला, "मामाकडं हवापालट." आणि कूस बदलून झोपला.

आता ऐक. शुक्रवार. फाउंड्रीत दुपारी लाइट गेली, भट्टी बंद, आम्हाला लवकर सोडलं. मी घरी आले. दुपारची वेळ म्हणजे आई झोपलेल्या असणार, म्हणून किल्लीने हळूच दार उघडलं, चपला हातात घेतल्या. तर हॉलमध्ये कॉट रिकामा. पार्वतीमावशींची पिशवी दिसत नव्हती, त्यांच्या नातवाचं बारसं होतं म्हणून त्या आल्याच नव्हत्या. आणि दारात आबांच्या चपला. आबा, दुकान सोडून, दुपारी घरी!

आणि स्वयंपाकघरातून आवाज येतायत.

"पाणी कमी पडलंय. चिरा पडायल्यात बघा."

"कुठं चिरा? मला तर न्हाई दिसत."

"चष्मा लावा मग. आन् कडंनं थापा, मधी नको. अवो, बोटं, बोटं! पंजा न्हवं. डास मारताय काय?"

मी भिंतीला चिकटले. मंजे, आत बघितलं तर आई खुर्चीवर बसलेल्या, पाय स्टुलावर लांब केलेला, आणि आबा! आबा ओट्यापाशी उभे, बनियनवर, कोपरापर्यंत पीठ, आणि भाकरी थापतायत. काय भाकरी होती ती! माझी बरी म्हणायची. तव्याशेजारी एक आधीच करपून कोळसा झालेली पडली होती.

"ही चिकटली की गं परातीला."

"पीठ भुरभुरायचं राहिलं. सगळं सांगाय लागतंय, लहान पोरागत."

"मग सांग की. तुला सांगायलाच तर बसवलंय." आबा सुरीने भाकरी खरवडायला लागले. "बरं, ते जाऊ दे. सुमनच्या पोरीचं पुढं काय झालं ते सांग आधी."

"आत्ता?"

"मग कवा? अर्धंच ठेवलंयस. पोरगी एस्टीतनं उतरली, पाव्हणं थांब्यावर हुभं, आन् दुसऱ्या दिवशी घरात तोफगोळा."

आई हसल्या. मी त्या घरात आले तेव्हापासून आईंचं हसू म्हणजे पदर तोंडाला लावून, तेवढंच. हे असं खळखळून, खांदे हलतायत, असं मी कधी बघितलंच नव्हतं.

"कवा सांगणार मी?" त्या म्हणाल्या. "पोरं बसलेली असत्यात."

"तर काय. पोरांच्या पुढं कसं बोलायचं."

"जेवलं की त्यो टीव्ही. मग मी हॉलात, तुम्ही आत. आन् नुसतं समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं तर मला न्हाई जमत. लाज वाटती."

"मला तरी कुठं जमतंय." आबांनी ती फाटकी भाकरी कशीतरी तव्यावर टाकली. "म्हणून तर हे पीठ काढलंय. बोल आता. पाव्हणं थांब्यावर हुभं..."

आणि आई बोलायला लागल्या. काय बोलत होत्या म्हणून सांगू! सुमनची पोरगी, तिची सासू, सासूचा दातांचा डॉक्टर, मग मध्येच विश्वाचा पगार, मध्येच माझं नाव, मी किती बारीक झालेय, मग परत सुमनची पोरगी. आबा मध्ये मध्ये "मग?" "आन् तो काय म्हणला?" "मी सांगितलं नव्हतं तुला, तो तसलाच हाय?" असं चाललेलं. माझ्या फॅक्टरीतल्या मुली जेवणाच्या सुट्टीत बोलतात ना, अगदी तसं. आई आबांची नक्कल करत होत्या आणि आबा लाजत होते!

आणि माझ्या हातातली चप्पल पडली.

दोघं असे दचकले! जसं काही मी त्यांना बागेत पकडलं. आबा हात झटकत, "मी आपलं... पाणी प्यायला आलतो," म्हणत माझ्या बाजूने सटकले, सगळ्या हॉलभर पिठाचे ठसे. आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भूक लागलीती ह्यांना."

मी "हो का" म्हटलं आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. कारण मला रडायला यायला लागलं होतं आणि हसायला पण.

विश्वा आला तसं त्याला तसाच परत खाली नेलं, गाडीपाशी. "ते बोलत होते!"

"कोण?"

"तुझे आई-आबा."

"कुणाशी?"

"एकमेकांशी!"

विश्वा माझ्याकडे बघतच राहिला. मी सगळं सांगितलं. तो हेल्मेट हातात घेऊन पायरीवर बसला. म्हणाला, "गावाकडं आम्ही एवढी माणसं होतो गं. आजोबा-आज्जी, दोन्ही काका. आज्जीसमोर आई आबांना 'जेवायला चला' पण म्हणायची नाही, मला पाठवायची. आबा सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसायचे. मला वाटायचं, कारखान्यातनं उशिरा येतात म्हणून. पण सुट्टीच्या दिवशी पण शेवटीच बसायचे की." त्याने हेल्मेट खाली ठेवलं. "मी बाहेर झोपलेलो असायचो, तर भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि आईची नुसती कुजबुज. मला वाटायचं, आई काहीतरी म्हणते, स्तोत्र वगैरे. त्या आवाजात झोप लागायची मला."

"आणि मी ते एका भांड्यात घालून साडेआठला संपवलं," मी म्हटलं.

"मग आता परत भाकरी?"

"पाय?"

खरं सांग, काय करणार? त्यांना जाऊन म्हणणार, आम्हाला कळलंय, तुम्ही आता आमच्यासमोर बोला? मेले असते ते लाजेनं. आणि रविवारी मामा येणार.

शनिवारी मला संध्याकाळपर्यंत काही सुचेना. ज्वारीच्या कण्या सकाळीच भिजत घातल्या होत्या, भरडलेली ज्वारी गं, तिच्यात मूगडाळ, घेवडा, गाजर, भरपूर लसूण. सगळं त्या भांड्यात टाकलं, पाणी घातलं, गॅस बारीक केला. झाकण लावताना ते नेहमीसारखं धाडकन पडलं, आणि तेव्हाच, तिथेच डोक्यात आलं.

मी हॉलमध्ये गेले. "आई, एक अडचण आहे. मला आणि विश्वाला आत्ता जायचंय. त्याच्या मित्राचं बाळ बघायला. आणि भांडं गॅसवर आहे."

"जावा की," आई म्हणाल्या.

"नाही, ते एकटं सोडून चालत नाही. कुणीतरी जवळ बसायला लागतं."

"तूच म्हटलीस झाकण ठेवा आन् विसरा."

"ते तांदळाला. आज कण्या आहेत. कण्या वेगळ्या. त्या खाली बसतात. सारखं ढवळायला लागतं."

पेपरमागून आबा म्हणाले, "कण्या काय पळून जात्यात?"

"आबा, तुम्ही पण लागणार. झाकण जड आहे, आईंनी उचलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही झाकण उचलायचं, आईंनी बसल्या बसल्या ढवळायचं." आणि कुणी काही म्हणायच्या आत मी दोन खुर्च्या ओट्यापाशी नेऊन ठेवल्या, शेजारी शेजारी. पायाला स्टूल. विश्वा दारात उभा राहून छताकडे बघत होता, त्याला हसू आवरत नव्हतं, त्याला मी चिमटा काढला.

आईंनी माझ्याकडे बघितलं. नीट. खूप वेळ. मला वाटलं, संपलं, पकडलं मला. मग काठी घेऊन उठल्या आणि सावकाश आत गेल्या.

आबा पेपरची घडी घालत म्हणाले, "किती वेळ लागंल?"

"कण्यांना वेळ लागतो आबा," मी म्हटलं. "आम्ही जेवायला येतोच."

बाळ-बिळ कुठलं! आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या पुलापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. विश्वा म्हणाला, वडापाव खाऊ. मी म्हटलं, अजिबात नाही, घरी कण्या आहेत. तो म्हणाला, तू आणि तुझ्या कण्या. माझ्या मनात एकच, उद्या सकाळी मामाची गाडी खाली लागणार. शेवटी भुकेने दोघांच्याही पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा वर आलो.

आणि लिफ्टचं दार उघडलं तर वास. करपल्याचा! बारीक गॅसवर इतका वेळ, आणि ढवळतंय कोण? खालून लागलं असणार, आणि बीड एकदा तापलं की थांबत नाही ना. विश्वाने खिशातून किल्ली काढली. मी त्याचा हात धरला.

आतून आवाज येत होते. दारातून ऐकू येईल एवढ्या मोठ्याने! आबा कुठल्यातरी लग्नातल्या पंगतीची गोष्ट सांगत होते, आवाज बदलून बदलून, आणि आई म्हणत होत्या, "खोटं! मी हुतो की तिथं, तुम्ही कवा उठला?"

"उठलो म्हणजे! तुझ्यासाठीच उठलो. तू त्या खांबामागं हुभी."

"चला, काहीतरीच."

चमचा झाकणावर वाजल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, हळू, पण मला ऐकू आलं, "मग उद्या तुझ्या भावाला काय सांगायचं?"

मी श्वास धरून उभी. विश्वा पण.

"सांगा त्याला," आई म्हणाल्या, "सुनंनं कण्या राखाय बसवलंय. दोन माणसं लागत्यात म्हणून."

आबा इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला.

विश्वाच्या डोळ्यांत पाणी. आणि वास वाढतोय मंजे, आता जिन्यात धूर येईल असं वाटायला लागलं. सकाळपासून भिजवलेल्या कण्या, इतकी मेहनत, आणि वर एवढी भूक. विश्वा माझ्या कानात म्हणतोय, "धने, सगळं जळतंय." किल्ली त्याच्या हातात, त्याचा हात माझ्या हातात. आणि आत ती दोघं, नाकासमोर जळतंय तरी पत्ता नाही, ती परत सुरू झाली होती, "मग? मग तो आचारी काय म्हणला?"

आता तू सांग. तू असतीस तर दार उघडलं असतंस?